गोडलिंबावरची अळी

वऱ्हाडात कढीपत्त्याला गोडलिंब म्हणतात. पानं कडुलिंबासारखी, पण चव निराळी, म्हणून हे नाव. प्रत्यक्षात ही दोन झाडं एका कुळातली नाहीत. गोडलिंब हा लिंबू, संत्रं, बेल यांच्या कुळातला. आपल्याला ही गोष्ट पुस्तकातून कळते. लिंबाच्या फुलपाखराला ती पायानं कळते. त्याच्या मादीच्या पुढच्या पायांवर चव ओळखणारे बारीक केस असतात. ती पानावर उतरते, पाय भराभर आपटते, आणि पान लिंबाच्या घराण्यातलं निघालं तरच पोट वाकवून एक अंडं चिकटवते. पिवळसर, गोल, राजगिऱ्याच्या दाण्याएवढं. मग लगेच दुसऱ्या पानाकडे.

चिखलदऱ्यात पावसाची पहिली झड ओसरून दोन दिवस ऊन पडलं, की आमच्या सांदवाडीतल्या, म्हणजे परसबागेतल्या, गोडलिंबावर ही मादी हमखास येते. काळ्या पंखांवर पिवळे ठिपके, आणि एका जागी बसणं तिला ठाऊकच नाही. तीन-चार दिवसांत अंडी फुटतात. बाहेर येणारी अळी काळपट तपकिरी, मधे पांढरा डाग. पानावर पाखराची शिट पडली आहे असं वाटावं. पाखरांनाही तसंच वाटतं, म्हणून ती वाचते. चार वेळा कात टाकली की तीच अळी हिरवीगार, करंगळीएवढी होते. तिला काडीनं हलकेच डिवचून बघा. डोक्यामागून नारिंगी रंगाची दुफाटी शिंगं बाहेर येतात आणि आंबलेल्या संत्र्याच्या सालीसारखा उग्र वास सुटतो. मुंग्या आणि छोटे शत्रू त्या वासानं मागे हटतात. क्षणभरात शिंगं आत, आणि अळी पुन्हा पान खायला लागते.

या घरात आले त्या पहिल्या पावसाळ्यात मी हे काही बघितलं नव्हतं. कोवळ्या फांद्यांच्या काड्या झालेल्या दिसल्या, घाट उतरल्यावर दुकानातून औषध आणलं आणि संध्याकाळी मारलं. (कीटकनाशकाला आपण सगळेच ‘औषध’ म्हणतो. विषासाठी हा शब्द आपल्या तोंडी इतका रुळला आहे, हे मला फार लागतं.) दुसऱ्या दिवशी शेजारच्या आजी गोडलिंबाच्या दोन काड्या न्यायला आल्या. खाली पडलेल्या अळ्या त्यांनी पाहिल्या आणि म्हणाल्या, “मारू नोको बाई, थ्याचं पाखरू होते.” आणि काड्या न घेताच गेल्या.

फुलपाखरू हवं तर अळीला जेवू घालावं लागतं. हे कळायला मला एक पावसाळा खर्ची घालावा लागला. महाराष्ट्रानं 2015 साली राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेली राणी पाकोळी घ्या. निळ्या-काळ्या पंखांचं ते देखणं पाखरू लहानपणी लिंबाच्या कुळातली पानंच खातं. राज्याचं मानचिन्ह आणि बागेतली कीड हा एकच जीव आहे, वय तेवढं वेगळं.

अर्थात प्रत्येक अळी सोडून द्या असं मी म्हणत नाही. घाट उतरून परतवाड्याला गेलं की अचलपूर, चांदूर बाजार, पुढे मोर्शी, वरूड असा संत्र्याचा मुलूख लागतो. तिथल्या रोपवाटिकेत हातभर उंचीच्या कलमावर याच अळ्या सात-आठ चढल्या तर दोन दिवसांत कलमाला पान उरत नाही. त्या शेतकऱ्यासाठी ती कीडच आहे आणि त्यानं ती वेचलीच पाहिजे. आमचा गोडलिंब मात्र दहा फुटांचा आहे. तो वीस अळ्या पोसतो आणि श्रावणात पुन्हा फुटतो. कृषी शास्त्रज्ञ याला ‘आर्थिक नुकसानीची पातळी’ म्हणतात: कीड दिसली म्हणून फवारायचं नाही, होणारं नुकसान फवारणीच्या खर्चाच्या वर जायला लागलं की मगच हात उचलायचा. शेतात हा हिशेब रुपयांत असतो. घरच्या बागेत तो ज्यानं त्यानं ठरवायचा, आणि ठरवताना स्वतःला एक प्रश्न विचारायचा: हे पान मला खायचं आहे, की फक्त भोक नसलेलं बघायचं आहे?

चिखलदऱ्याचं एक भाग्य आहे. गाव समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरवर, आणि चहूकडे मेळघाट. देशात जे पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प झाले त्यांतलं एक जंगल. महाराष्ट्रात कॉफी पिकते ती याच उंचीवर, झाडांच्या सावलीत. इथल्या बागेत जीव आणावे लागत नाहीत, ते कुंपण ओलांडून आपणहून येतात. आपण फक्त त्यांना हाकलायचं नाही. अकोल्या-अमरावतीतल्या बंगल्यांच्या बागेत जे दहा झाडं लावून, पाणी ठेवून, वर्षभर वाट बघून मिळतं, ते इथं एक बाटली न उघडल्यानं मिळतं.

आता मावा. वालाच्या वेलाचा शेंडा एका सकाळी काळा, चिकट, बारीक किड्यांनी भरलेला दिसतो. मावा असा एकदम कसा वाढतो? त्याच्या माद्यांना नराची गरज नसते. त्या अंडीही घालत नाहीत. जिवंत पिल्लं जन्माला घालतात, आणि ती पिल्लं आठवडाभरात स्वतः आया होतात. उलट मावा खाणाऱ्या ढालकिड्याला (पुस्तकात याला लेडीबर्ड म्हणतात, लाल पाठीवर काळे ठिपके असलेला वाटाण्याच्या अर्ध्या फोडीएवढा भुंगेरा) अंड्यापासून मोठं व्हायला तीन-चार आठवडे लागतात. आता या दोघांवर एकाच दिवशी जहाल विष मारा. दोघंही मरतील. पण पानाखाली चुकून राहिलेला एक मावा पंधरा दिवसांत पुन्हा वेल भरून टाकेल, आणि ढालकिडा तोवर आलेला नसेल. मग दुसरी फवारणी, मग तिसरी. फवारणीनंतर कीड ‘आणखीच उलटली’ असं शेतकरी म्हणतात, त्यामागचं कारण पुष्कळदा हे असतं.

ढालकिडा सगळे ओळखतात, त्याचं पिल्लू कोणी ओळखत नाही. काळसर, लांबट, सहा पायांवर सुसरीसारखं सरपटणारं, पाठीवर नारिंगी ठिपके. दिसायला इतकं ओबडधोबड की पहिला हात त्याच्यावरच पडतो. मावा मोठ्यांपेक्षा तेच जास्त खातं. मावा खाणाऱ्या क्रायसोपा किड्याचंही तसंच. त्याची अंडी पानाखाली केसासारख्या देठांवर, एकेक टाचणी उभी करावी तशी असतात, आणि लोक ती बुरशी समजून पुसून टाकतात. सर्वांत मोठा घोळ होतो सीताफळावर. फळाच्या खवल्यांमधे पिठ्या ढेकूण बसतो, पांढरा, कापसासारखा. त्याला खाणारा क्रिप्टोलेमस नावाचा भुंगेरा मूळ ऑस्ट्रेलियाचा, 1898 साली भारतात आणलेला. या भुंगेऱ्याच्या पिल्लाच्या अंगावरही तसेच मेणाचे पांढरे तंतू असतात, आणि ते पिठ्या ढेकणांतच हिंडतं. शत्रू आणि मित्र दोघं पांढरे, एकाच फळावर. ओळखायची खूण एवढीच की मित्राचे तंतू लांब असतात आणि तो लगबगीनं चालतो. ढेकूण जागचा फारसा हलत नाही. म्हणून पुसायच्या आधी दोन मिनिटं नुसतं बघावं.

मावा असलेल्या शेंड्याचं मी आता काय करते? मुंग्या चढ-उतार करताहेत का ते आधी बघते. माव्याच्या अंगातून गोड चिकटा पाझरतो, मुंग्या तो चाटतात आणि मोबदल्यात ढालकिड्याला जवळ येऊ देत नाहीत. खोडाशी मुंग्यांची वाट राखेनं मोडली तरी अर्धं काम होतं. फार झालं तर शेंडा बोटांनी चोळायचा, किंवा साध्या अंगाच्या साबणाचं पातळ पाणी पानाच्या खालच्या बाजूनं मारायचं. साबणानं किड्याच्या अंगावरचं मेणाचं अस्तर जातं आणि तो सुकतो. कपडे धुण्याची पावडर मात्र वापरू नये, पानं करपतात.

कुंपणाला रुई आपोआप उगवते. ती उपटू नका असं मी प्रत्येकाला सांगते. रुईवर पिवळ्याधमक रंगाचा मावा येतो, तो रुई-कण्हेरीसारख्या चिकाच्या झाडांवरच जगतो, वांग्या-टमाटरांकडे फिरकत नाही. पण त्याच्यावर ढालकिडे जमतात आणि तिथून बागभर पसरतात. पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) वावरात कडेनं बरबटी, म्हणजे चवळी लावायला सांगतात, त्यामागेही हाच विचार आहे. टमाटरात झेंडू लावायचा तो वेगळ्या कारणानं. फळ पोखरणाऱ्या हिरव्या अळीच्या पतंगाला अंडी घालायला झेंडूच्या कळ्या जास्त आवडतात. बंगळुरूच्या बागायती संशोधन संस्थेनं टमाटरच्या सोळा ओळींमागे झेंडूची एक ओळ असं प्रमाण सांगितलं आहे. सांदवाडीत सोळा ओळी कुठल्या? चार झाडांना एक झेंडू पुरतो, आणि दसऱ्याला फुलंही घरची होतात.

आता माझी सगळ्यांत आवडती पाहुणी, कुंभारमाशी. काळी-पिवळी, कमर दोऱ्याएवढी. नळाखाली माती ओली असते तिथं ती उतरते, जबड्यानं चिखलाची गोळी वळते, आणि पडवीच्या वाशावर नेऊन लावते. गोळीमागून गोळी, मधे गोळी दाबून फिरवते, आणि दुपारपर्यंत बोराएवढं मडकं तयार होतं. बारीक गळा, आणि गळ्याला बाहेर वळलेले काठ, हुबेहूब कुंभाराच्या चाकावरून उतरल्यासारखे. मडकं झालं की आत छताला बारीक धाग्यानं एक अंडं टांगते. मग खरी मजुरी. कोबीवरची, वालावरची हिरवी अळी शोधते, नांगी मारून बधिर करते (मारत नाही, मेली तर सडेल) आणि पोटाशी धरून उडत आणते. अळी तिच्यापेक्षा लांब, वाऱ्यात दोघी हेलकावतात, एकदा खाली पडल्या तर माशी पुन्हा उचलते. एका मडक्यात अशा कितीतरी अळ्या ठासते आणि तोंड लिंपून टाकते. अंड्यातून निघणाऱ्या पिल्लाला ती शिदोरी. एका सुट्टीच्या दिवशी मी पडवीत बसून तिच्या खेपा मोजल्या, संध्याकाळपर्यंत नऊ झाल्या. नऊ अळ्या माझ्या वाफ्यातून गेल्या. आणि आम्ही दिवाळीच्या साफसफाईत खराट्यानं ही मडकी पाडतो.

पाखरांचं काम डोळ्यांना सहज दिसतं. कोतवालाला उघडी, उंच काडी हवी असते. तिथं बसून तो उडता पतंग टिपतो, अळी दिसली तर झेप घालून उचलतो. म्हणून हरभऱ्यात, पऱ्हाटीत टी-आकाराच्या काड्या रोवतात, त्यांना ‘पक्षी थांबे’ म्हणतात. माझ्या बागेत वापरून झालेल्या कामट्या तेच काम करतात. पाखरांशी वऱ्हाडचं नातं नेहमी असं सरळ नव्हतं. हिवाळ्यात भोरड्या येतात, गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या मैना, मध्य आशियातून हजारोंच्या थव्यांनी. ज्वारीवर उतरल्या की माळ्यावर बसून गोफणीनं हाकलाव्या लागत. आणि याच भोरड्यांसाठी चीनच्या शिनच्यांग प्रांतात माणसं मुद्दाम दगडांचे ढीग रचून घरट्यांची सोय करतात, कारण विणीच्या हंगामात त्या टोळ आणि नाकतोडे खाऊन गवताळ रानं वाचवतात. इथं आल्यावरही कणसं भरायच्या आधी त्या किडेच वेचतात.

निंबोळी अर्काबद्दल लोक सगळ्यांत जास्त विचारतात. अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि राज्याचा कृषी विभाग शेतकऱ्यांना जो 5 टक्के अर्क सांगतात, तो घरच्या मापात असा: निंबोळीच्या वाळलेल्या गराची 50 ग्रॅम भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी फडक्यातून गाळायची, चिमूटभर साबण घालायचा, आणि त्याच दिवशी ऊन उतरल्यावर मारायचा. मला निंबोळ्या खालून, परतवाड्याकडून आणाव्या लागतात. आषाढाच्या सुमारास पिकून पडतात, त्या सावलीत वाळवते. हा अर्क किडीला उभी मारत नाही. त्यातल्या अझाडिरॅक्टिननं अळीचं खाणं तुटतं आणि कात टाकण्याची क्रिया बिघडते, ती चार-पाच दिवसांत संपते. अनेक जण दुसऱ्याच दिवशी ‘काही झालं नाही’ म्हणून दुकान गाठतात. 1962 साली दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत डॉ. एस. प्रधान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निंबोळीच्या गराच्या पाण्यानं टोळांपासून पीक वाचवता येतं हे दाखवून दिलं, तेव्हाही टोळ मेले नव्हते; त्यांनी ते पीक खाल्लं नाही, एवढंच. उन्हानं हा अर्क लवकर निकामी होतो, म्हणून संध्याकाळ. आणि फुलांवर कधीच नाही, तिथं मधमाश्या असतात.

पण चिखलदऱ्याच्या पावसाळ्यात याचा उपयोग जवळपास शून्य. दिवसातून चार वेळा सर येते, मधल्या वेळात धुकं. पानावर काही टिकतच नाही. त्या चार महिन्यांत दोनच उपाय: हात आणि बेडूक. रात्री जेवणं झाल्यावर बॅटरी घेऊन निघायचं, गोगलगाई आणि पानं कुरतडणाऱ्या अळ्या वेचायच्या. वाफ्यात ओलं पोतं टाकून ठेवलं तर सकाळी त्याखाली गोगलगाई गोळा झालेल्या सापडतात. 2022 साली मराठवाड्यात लातूर-बीडकडे सोयाबीनचे कोंब गोगलगाईंनी साफ केले, तेव्हा शेतकऱ्यांनी हीच पोती टाकली होती. फुटलेलं मडकं सावलीत पालथं घालून कड थोडी उचलून ठेवली की एखादा भेक तिथं मुक्कामाला येतो आणि रात्रभर वाफा राखतो. काजव्यांची पिल्लंही लहान गोगलगाई खातात. जमिनीलगत ओल्या पाचोळ्यात काजव्यांचं बालपण जातं. पाचोळा जाळला तर काजवेही जातात.

‘नैसर्गिक’ हा शब्द ऐकून निर्धास्त होणाऱ्यांशी मात्र माझं जमत नाही. नैसर्गिक शेतीचं नाव देशभर नेणारे सुभाष पाळेकर आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे. त्यांना 2016 साली पद्मश्री मिळाली, आणि शेतकऱ्याला दुकानाच्या उधारीतून सोडवायचा त्यांचा ध्यास मला मोलाचा वाटतो. तरी त्यांच्या ‘अग्निअस्त्र’ या फवाऱ्यात तंबाखू असते हे विसरून चालणार नाही. तंबाखूतलं निकोटीन कातडीतून अंगात जातं, माणसाच्या मज्जातंतूंना बाधतं, आणि अळीबरोबर ढालकिडाही मारतं. त्याच निकोटीनसारखं काम करणारी निओनिकोटिनॉइड गटाची कीटकनाशकं प्रयोगशाळेत घडवली गेली, आणि त्यांतल्या तीन कीटकनाशकांचा उघड्या शेतातला वापर युरोपीय संघानं 2018 साली मधमाश्यांपायी बंद केला. दहा पानांच्या दशपर्णी अर्कात कण्हेर आणि धोत्रा टाकणाऱ्यांनी तो माठ लेकरांच्या हाती लागणार नाही असा ठेवावा. झाडाचा चीक आहे म्हणून तो आपोआप सौम्य होत नाही.

हे सगळं मी फक्त फुलपाखरांच्या हौसेनं लिहीत नाही. 2017च्या खरिपात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. डोक्याएवढी वाढलेली पऱ्हाटी, पाठीवर पंप, अंगावर साधा सदरा, नाकाला फार तर रुमाल. शेकडो जण दवाखान्यात होते, कित्येकांना दिसेनासं झालं होतं. एवढं पाहिलेल्या मुलखात चार वांग्यांसाठी तीच बाटली घरात आणायची, मोरीतल्या फळीवर ठेवायची, हे माझ्यानं होत नाही.

राहिली वानरं. त्यांच्यावर कुठलाच अर्क चालत नाही. हळद, आलं, मिरची त्यांना फारशी रुचत नाही, ती उघड्यावर. स्ट्रॉबेरी आणि वालाला जाळीचा पिंजरा. नायलॉनची सैल जाळी मात्र जमिनीपर्यंत सोडू नका. तिच्यात धामण अडकते, सुटायला धडपडते आणि कापून मरते, आणि बागेतले उंदीर धरणारं तिच्याएवढं कोणी नाही.

या वर्षी गोडलिंबावरच्या अळ्यांपैकी दोघींनी पडवीच्या खांबाशी येऊन कोष केले. दोघी एका दिवसाच्या अंतरानं, कमरेभोवती रेशमाचा एकेक धागा बांधून. एक कोष हिरवा राहिला, दुसरा खांबाच्या रंगाचा तपकिरी झाला. दहाव्या सकाळी हिरव्याची भिंत पातळ दिसू लागली, आतून काळे-पिवळे पंख ओळखू आले, आणि मी चहा ठेवून परत येईपर्यंत पाखरू बाहेर येऊन चुरगळलेले पंख वाळवत बसलं होतं. आजींना हाक मारली. त्या आल्या, बघत उभ्या राहिल्या. तपकिरी कोष तसाच होता. आणखी चार दिवस गेले. मग त्याच्या बाजूला टाचणीच्या टोकाएवढं भोक दिसलं आणि त्यातून मुंगीहून लहान, हिरवट चमकणाऱ्या गांधीलमाश्या एकामागून एक बाहेर पडायला लागल्या. अळी कात टाकून कोष करत होती, अंगावरचं कवच अजून मऊ होतं, तेव्हाच कोणीतरी येऊन तिच्यात अंडी घालून गेलं होतं. पन्नासापर्यंत मोजल्या, पुढे नजर ठरेना. खांबावर थोडा वेळ पंख पुसत बसल्या, आणि मग गोडलिंबाकडे गेल्या.